पितरांच्या शनिवारची सायकल

फेरारा, रविवार, ९ नोव्हेंबर २००३

ताई,

दोन महिने पत्र नाही म्हणून तू माझ्या नावाने बोटं मोडत असशील. मोड. ज्या म्हाताऱ्याकडे मी राहून काम करत होते तो सप्टेंबरात गेला. त्याच्या मुलींनी आठवड्यात घर रिकामं केलं आणि सामानाबरोबर मीही बाहेर आले. आता पो नदीकडच्या वस्तीत लारिसा आणि आणखी दोघींबरोबर एका खोलीत राहते. काम मिळालंय. सकाळी सहा ते एक इओलेबाईंकडे. वय अठ्ठ्याऐंशी. त्यांना उठवायचं, धुवायचं, खाऊ घालायचं आणि त्यांची बोलणी खायची. दुपारी तीन इमारतींचे जिने पुसायचे.

खोलीपासून बाईंचं घर आठ किलोमीटर. पहिली बस सुटते सव्वासहाला. बाई सहाला डोळे उघडतात आणि समोर कोणी दिसलं नाही की अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा हाका मारतात. म्हणून मी सायकल घेतली. हस खुशाल. आपल्या गावात पोस्टमन त्रोफिम सोडला तर सायकलवर कोण बसतं? बाई तर मी एकही पाहिली नाही. इथे ऐंशीची म्हातारी फरचा कोट घालून, पुढच्या टोपलीत पाव आणि कांद्याची पात ठेवून सायकलवर जाते. वकील जातो, पाद्री जातो, लग्नाला निघालेली माणसं जातात. मी सत्तेचाळिसाव्या वर्षी शिकले. रविवारी आपल्याकडच्या व्हॅन जिथे पार्सलं घ्यायला उभ्या राहतात ना, त्याच मैदानात. लारिसाने मागून सीट धरली, साव्वा ड्रायव्हरने पुढून हँडल, आणि आपल्या पन्नास बायका पार्सलांवर बसून सूर्यफुलाच्या बिया फोडत सल्ले देत होत्या. एक म्हणाली, "झीना, वर बघ गं, चाकाकडे काय बघतेस, चाक कुठे पळून जात नाही!" मी वर बघितलं आणि साव्वाच्या व्हॅनला जाऊन धडकले.

इथपर्यंत आईला वाचून दाखव. तिला हेही सांग की सायकलीवर पाय मुळीच दुखत नाहीत. बसल्या बसल्या माणूस पोचतं.

आतल्या चिठोऱ्यावरचं मात्र तुझ्यापुरतं. पाय दुखतात ताई. पहाटे पाचला निघते तेव्हा धुकं इतकं असतं की पुढचं चाक दिसत नाही. संध्याकाळी खोलीचा जिना कठड्याला धरून चढते आणि पाठ टेकली की कपडे बदलायचंही त्राण राहत नाही. पण आईला स्वतःच्या पायांचं पुरेसं आहे, माझ्या पायांचं कशाला. माझे कागद अजून आलेले नाहीत. ते यायच्या आत हा देश सोडला तर परत शिरता येणार नाही, म्हणून यंदाच्या नाताळलाही माझं येणं नाही. आई कशी आहे ते खरं लिही. फोनवर विचारलं की तू "बरी आहे" म्हणतेस, मग दोघी रडतो, आणि कार्ड संपतं.

तुझी झीना


गाव, गुरुवार, २७ नोव्हेंबर २००३

झीना,

मलम पोचलं, कॉफी पोचली. मोजे मला होत नाहीत. चार वर्षांत बहिणीच्या पायाचं माप विसरलीस.

खरं विचारलंस म्हणून खरं लिहिते. आईचे पाय गेले. ऑक्टोबर संपल्यापासून ती पलंगावरून उतरलेली नाही. डॉक्टर आला, पाय दाबून पाहिले, एक कोंबडी घेऊन गेला. मी तिला कुशीवर वळवते, धुते, गाईची धार काढून येते, पुन्हा वळवते. तू हेच काम तिकडे पगार घेऊन दुसऱ्याच्या आईचं करतेस. हा टोमणा नाही असं लिहिणार होते, पण आहेच.

तुझं पत्र मी तिला तीनदा वाचून दाखवलं. व्हॅनला धडकलीस तिथे दर वेळी हसली. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "टेक्ला, पाद्रीबाबाला बोलाव. उपवासाआधीच्या पितरांच्या शनिवारी मी माझी पोमाना घालणार."

मी म्हटलं, "अगं, माणूस गेल्यावर त्याच्या नावाने मुलं दान देतात."

"मुलं देतील तेव्हा देतील. एक इटलीत, दुसरी सदा कावलेली. मी माझं जिवंतपणी देऊन मोकळी होते. विहिरीपलीकडच्या अनिसियाने नाही का दिलं?"

बरं म्हटलं. इथे आपल्या हाताने जे द्यावं तेच तिकडे आपल्याला मिळतं, हे आपल्याला तिनेच शिकवलंय, तिच्याशी काय वाद घालणार? पलंग, दोन उशा, रजई, ताट, पाण्याचा घडा, सगळं तिने सांगितलं. कोणाला काय ते त्याच दिवशी सांगेन म्हणाली. शेवटी म्हणते, "आणि सायकल."

"कसली सायकल?"

"झीनाची. बसल्या बसल्या पोचतं ना माणूस? अठ्ठ्याहत्तर वर्षं चालले मी. शेतावर चालत, बाजाराला चालत, तुझा बाप दवाखान्यात होता तर रोज जेवणाचा डबा घेऊन चालत. तिकडे मी पायी फिरायची नाही."

पाद्रीबाबा आधी हसला. मग दाढी खाजवत म्हणाला की पुस्तकात सायकलीविरुद्ध काही लिहिलेलं नाही. गावात मात्र माझी चेष्टा चालू आहे. दुकानात बायका विचारतात, "पंपही देणार का गं? तिकडे पंक्चर झाली तर?"

बाजारातून एखादी आणते म्हटलं तर ऐकत नाही. "बाजारातली मला काय माहीत कशी चालते? झीनाची दुखत नाही हे तिने स्वतः लिहिलंय." तर आता निस्तर तूच. दानाची वस्तू आपल्या हक्काची लागते हे तुला सांगायला नको. चोरीची किंवा उसनी दिली तर ती तिकडे मूळ मालकाच्या दारात जाऊन उभी राहते.

चौदा फेब्रुवारीच्या आत साव्वाबरोबर पाठव. तू इटलीत आहेस, दुसरी घेशील.

टेक्ला


फेरारा, रविवार, १४ डिसेंबर २००३

ताई,

"तू इटलीत आहेस, दुसरी घेशील." हे वाक्य घोळवत मी परवा चार मजले पुसले. तुला वाटतं इथे सायकली झाडाला लागतात.

हे पत्र अख्खं तुझ्यापुरतं आहे. आईला सांग की साव्वाला घाई होती म्हणून झीनाने नुसतं पार्सल दिलं.

माझा दिवस ऐक. साडेचारला उठते. पाचला निघते, कारण अंधारात आणि धुक्यात मी हळू चालवते. शहराच्या तटाशी पोचले की डावीकडे वळायचं. मग गोट्यांचा रस्ता लागतो, तिथे दात वाजतात. मागच्या मंगळवारी बर्फावरून घसरून पडले, कोपर सोललं. उठले आणि तशीच पुढे गेले. इओलेबाई पलंगावर घड्याळ बघत. "सहा वाजून चार मिनिटं झाली. मी मेले असते तर?" मी म्हटलं, "बाई, मेला असतात तर वेळ कोणी बघितली असती?" त्या हसल्या. त्या हसल्या की माझा दिवस बरा जातो. त्यांना धुताना मला आपली आई आठवते ताई, रोज. त्यांची पाठ पुसताना हात थांबतो. तू जे लिहिलंस ते मी स्वतःला रोजच म्हणते, तुझ्या टोमण्याची गरज नव्हती.

आता मुख्य. सायकल मी पाठवू शकत नाही, आणि ते माझ्या पायांमुळे नाही. ती चोरीची आहे. स्टेशनमागे एक माणूस उभा असतो. तो तोंडाकडे बघत नाही, आपणही बघायचं नाही. लारिसाचीही तिथलीच. इथे कोणाचीही सायकल चोरीला जाते, मग तो माणूस स्टेशनमागे जाऊन दुसऱ्या कोणाची तरी घेऊन येतो. अख्खं शहर एकमेकांच्या सायकलींवर फिरतं आणि कोणाला त्याचं काही वाटत नाही. मलाही वाटत नव्हतं. पण आईने ती हातात धरायची, तिच्यावर मेणबत्ती लावायची, आणि तिकडे ती कुण्या अनोळखी इटालियन माणसाच्या दारात जाऊन उभी राहायची? आई वाट बघत बसेल ताई. मला ते सहन होत नाही.

तू तिला समजाव. बाजारातल्या नव्या सायकलीचे पैसे मी साव्वाजवळ दिलेत. चांगली घे, बायकांची, टोपलीवाली.

झीना


गाव, गुरुवार, ८ जानेवारी २००४

झीना,

काल आपला जुन्या पंचांगाचा नाताळ झाला. आईने दोन चमचे चहा घेतला. मी सगळं रांधलं आणि मीच खाल्लं.

चोरीची म्हणे! सायकल द्यायची नाही तर नाही म्हण, देवाला जरा घाबर, नवी गोष्ट रचू नकोस. लहानपणीही तुला बाहुली द्यायची नसली की ती भिजली आहे म्हणायचीस. पैसे परत पाठवतेय. बाजारातून मी एक आणली होती, हिरवी, टोपलीवाली. आईच्या पलंगाजवळ उभी केली. तिने हात फिरवला, घंटी वाजवून पाहिली आणि म्हणाली, "ज्याची आहे त्याला दे. माझी झीनाकडून येईल." दुकानदाराने परत घेतली, बरंच बोलून.

आता खरं ऐक, आणि हे चिडून लिहीत नाही. ती संपत चाललीय. मका, भाकर, सूप, सगळं बंद. मी वळवते तेव्हा हाताला हाडं लागतात. डॉक्टर म्हणतो उन्हाळा दिसेल असं वाटत नाही. ती मात्र एवढंच विचारते की साव्वा आला का. सायकल न देता गेली तर ती पायीच जाईल झीना, तिच्या लेखी तरी. तिच्या त्या पायांनी. मला तो विचार करवत नाही. मी सकाळी गोठ्यात जाऊन रडते, म्हणजे तिला ऐकू जात नाही.

तुला येता येत नाही हे मला माहीत आहे. वस्तू तरी येऊ दे.

टेक्ला


फेरारा, रविवार, २५ जानेवारी २००४

आई,

सायकल पाठवलीय. साव्वाने ती टपावर बांधली आहे, ताडपत्री घालून. माझ्या हक्काची आहे, एका बाईंनी मला स्वतःच्या हाताने दिली. त्यांनी तीस वर्षं तिच्यावरून साखर कारखान्यात ये-जा केली, तेव्हा पाय दुखत नाहीत हे माझ्या एकटीचं म्हणणं नाही. माझी काळजी करू नकोस. मला दुसरी आहे.

तुझी झीना

ताई, हे तुझ्यापुरतं.

तुझं पत्र आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी एका कागदावर लिहिलं: "ही सायकल मी स्टेशनमागे विकत घेतली. तुमची असेल तर थांबा, मी एक वाजता खाली येते." कागद हँडलला बांधून सायकल बाईंच्या दारासमोर साखळीने लावली. मला वाटलं, मालक भेटला तर त्याच्याकडून रीतसर विकत घेईन, हवं तर जिने पुसून फेडीन. एक वाजता खाली आले तर सायकल नाही. साखळी नीट तोडून गुंडाळून ठेवली होती. कागद दाराच्या फटीत खोचलेला, मागे दोनच शब्द: "आभारी आहे." मालक होता की दुसरा चोर, देव जाणे. मी तिथेच पायरीवर बसले. मला रडूही आलं नाही, इतकी दमले होते.

तीन दिवस पायी गेले. आठ किलोमीटर म्हणजे एक तास चाळीस मिनिटं. तीनही दिवस उशीर. बाईंनी तीन दिवस बोल लावले आणि चौथ्या दिवशी म्हणाल्या, "बस इथे. काय झालंय ते सांग, नाहीतर मी मुलाला सांगून दुसरी बाई शोधते." मी सगळं सांगितलं. आईचे पाय, पितरांचा शनिवार, तिकडे मूळ मालकाच्या दारात उभी राहणारी सायकल. त्या इतक्या हसल्या की खोकला लागला आणि मला पाठ चोळावी लागली. मग डोळे पुसून म्हणाल्या, "जिन्याखाली पोती आहेत, त्यांच्यामागे माझी आहे. काढ."

काळी, जड, लोखंडी. टायर गेले होते, ते लारिसाच्या ओळखीच्या माणसाने बदलले. बाई म्हणाल्या, "ही आजपासून तुझी. पुढे तू कोणाला दे, खड्ड्यात घाल, माझा प्रश्न नाही. मला तू सहाला इथे हवीस." दाराशी गेले तेव्हा पुन्हा हाक मारली. "ए, माझा या गोष्टींवर विश्वास नाही. कम्युनिस्ट पक्षाचं कार्ड अजून खणात आहे माझ्या. पण समजा तुमचं खरं निघालं, तर तुझ्या आईला सांग, मलाही मागे कॅरियरवर बसवून न्यायचं."

एक दिवस मी ती चालवली. लोण्यासारखी चालते ताई. मग पुसून साव्वाकडे नेली.

मला दुसरी नाही. चोरीची आता घेणार नाही आणि दुकानातली मला झेपत नाही. चारला निघते, सहाला पोचते, एवढंच. आईला कळू देऊ नकोस. तिला सुखाने देऊ दे.

झीना


गाव, गुरुवार, १९ फेब्रुवारी २००४

झीना,

तू चोरीबद्दल खोटं बोललीस असं मी लिहिलं होतं. चुकले.

शनिवारी सकाळपासून घर भरलं. मी तीन दिवस कोबीच्या पानांत भात भरत होते, बोटं अजून पिवळी आहेत. सायकल खोलीच्या मधोमध उभी केली. हँडलला नवा टॉवेल बांधला, त्यात गोल विणलेला पाव अडकवला, घंटीवर मेणबत्ती. आईला उशांना टेकवून बसवलं, कोरा रुमाल डोक्याला. ती एकेका वस्तूला हात लावून नाव घ्यायची, घेणारा पुढे होऊन वस्तू धरायचा आणि म्हणायचा, "देवाघरी पोचो." बाहेरच्या खोलीतला पलंग अनिसियाच्या सुनेला, घडा पाद्रीबाबाला, ताट समोरच्यांना. सायकल कोणाला, यावर गावात आठवडाभर वाद चालला होता. त्रोफिम पोस्टमन इस्त्रीचा शर्ट घालून पहिल्या रांगेत उभा होता. त्याच्या सायकलीची फ्रेम मोडलीय हे त्याने आईला दोनदा ऐकवलं.

सायकलीची पाळी आली तशी आईने हात मागे घेतला आणि साव्वाला हाक मारली. सायकल त्याने आणली म्हणून मी त्यालाही जेवायला बोलावलं होतं.

"साव्वा, ही द्यायला झीना आली ती दुसऱ्या सायकलवरून आली होती का रे?"

साव्वाच्या तोंडात घास. "कसली दुसरी, मावशी? हीच हाताने ढकलत आणली. वर बसलीसुद्धा नाही, म्हणाली पुसून आणलीय. परत गेली ती पायी. मी म्हटलं चल सोडतो, तर म्हणाली नको, रोजचंच झालंय."

मी साव्वाच्या पायावर पाय दिला, पण उशीर झाला होता.

आईने माझ्याकडे बघितलं. "तुला ठाऊक होतं?"

मी घंटीवरची मेणबत्ती सरळ करायला घेतली.

तिने हँडल धरलं. झीना, तिच्या हातात चमचा राहत नाही, पण हँडल तिने घट्ट धरलं. म्हणाली, "ही सायकल मी माझी मुलगी झिनोविया हिला देते."

एकदम गलका झाला. समोरची म्हणाली, "काकू, लेकीला दिलं ते दान कसलं? ते तर घरातच राहिलं."

"चार वर्षांत ती घरात राहिलीय का?" आई म्हणाली.

पाद्रीबाबा म्हणाला, "आजी, पण घेणारा समोर लागतो."

"साव्वा घेऊन जाईल. ती तिकडे हातात धरेल आणि म्हणेल, तेव्हा लागू होईल. तोवर मी आहे."

बाबाने दाढी खाजवली. पुस्तकात याच्याविरुद्धही काही नव्हतं. त्रोफिम शर्टाची बाही खाली करून बाहेर निघून गेला. नंतर त्याला मी दोन बाटल्या वाइन दिली.

खरं सांगू? मला राग आला. मी तिला उचलते, मी तिला धुते, आणि नाव तुझं निघतं. भांडी आवरायला वळले तर तिने माझा हात ओढला. एक उशी राहिली होती, कोणाला द्यायची ते तिने सांगितलं नव्हतं. ती माझ्या हातात दिली. "ही टेक्लाला. तिने जरा पडावं." मी सगळ्यांसमोर "देवाघरी पोचो" म्हणायला गेले आणि मला म्हणता येईना. शेवटी कसंबसं म्हटलं. मग चुलीमागे जाऊन खरंच पडले, आणि दोन तास मला कोणी उठवलं नाही.

गोल पाव तुझ्या इओलेबाईंना द्यायचा आहे. कॅरियरवर बसायचं असेल तर रिकाम्या हाताने येऊ नको म्हणावं, असं आईने सांगितलंय.

त्या दिवसापासून ती दूध घेते. थोडंच. बरी होईल असं मी लिहीत नाही, तूही मनात आणू नकोस. पण रोज विचारते, "साव्वा कधी निघतोय?"

टेक्ला


फेरारा, रविवार, २२ फेब्रुवारी २००४

आई,

हे पान ताई तुला सगळं वाचून दाखवेल. तिच्यापुरतं वेगळं चिठोरं आज नाही.

साव्वा सकाळी पोचला. मैदानात सगळ्या बायका होत्या. आज क्षमेचा रविवार म्हणून एकमेकींच्या गळ्यात पडून माफी मागत होत्या, निम्म्या तर काय केलं तेही न सांगता. साव्वाने सायकल टपावरून उतरवली, टॉवेल सोडला नाही, मेणबत्ती खिशातून काढून घंटीवर लावली. वारा होता, लारिसाने कोटाचा आडोसा केला. मी हँडल धरलं आणि मोठ्याने म्हटलं, "देवाघरी पोचो." पन्नास जणी एकदम "पोचो" म्हणाल्या. एका इटालियन माणसाने कुत्र्याला फिरवता फिरवता थांबून टोपी काढली. त्याला वाटलं असेल कोणी तरी गेलं.

तर मी घेतली, आई. लागू झाली.

मलाही तुझी माफी मागायची आहे. पाय दुखत नाहीत असं लिहिलं, ते खोटं. दुसरी सायकल आहे असं लिहिलं, तेही खोटं. मी फार दमलेय. चार वर्षं मी दुसऱ्याच्या आया आणि बाप उचलतेय आणि तुझ्या पाठीला माझा हात लागलेला नाही. हे मी कधी लिहिलं नाही, कारण लिहिलं तर दुसऱ्या दिवशी कामावर जाता आलं नसतं.

आता माझं एक ऐक. तू दिलेली वस्तू तुला तिकडे मिळते, मान्य. पण उद्या पहाटे पाचला ती माझ्याखाली असणार. दुपारी ती त्या तीन इमारतींच्या दाराशी असणार, संध्याकाळी इथे जिन्यात. एक सायकल एकाच वेळी दोन ठिकाणी कशी असेल? पाद्रीबाबाला विचार, त्याच्या पुस्तकात बघ म्हणावं. मी इथे ती चालवतेय तोवर तिकडे तुला सायकल नाही. आणि पायी तू जायची नाहीस, हे तूच गावभर सांगितलंयस.

कचेरीतली बाई म्हणाली की माझे कागद वसंतात येतील. आले की सायकल साव्वाच्या टपावर टाकते, मी आत बसते, आणि ती तुझ्या पलंगाशी आणून उभी करते. तुझी पाठ मी धुते. ताईला झोपू देते. मग तू म्हणशील तसं.

तोवर निघू नकोस, आई. थांब.

तुझी झीना